मारोतरावांचा आठ नंबर

मारोतराव झाड्यांनी अर्ध्या सावंगीचे पाय मोजले होते. बोरगाव आणि सिंदी मेघे धरलं तर एकूण किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्यांचा स्वतःचा पाय कोणी कधी मोजला नव्हता, आणि शेवटी डॉक्टर ज्याच्याबद्दल "राहील की नाही, आत्ताच सांगता येत नाही" असं म्हणाले तो नेमका तोच पाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांच्या शेजारी मी बारा वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं. हा अंधार रोज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मलाही तो दिसला नाही.

दवाखान्याच्या मोठ्या फाटकापासून थोडं पुढे आमची दुकानं, मधे एकच भिंत. माझ्याकडे झेरॉक्स, स्टेशनरी, नर्सिंगच्या पोरींच्या फायली, त्यांच्याकडे जोडे-चपला. गिऱ्हाईक दोघांचं एकच. देशभरातून आलेले मेडिकलचे पोट्टे आणि पोट्ट्या, खेड्यापाड्यांतून आलेले पेशंट, आणि त्यांच्यासोबत आलेले, दिवसभर बाकावर बसून कंटाळलेले नातेवाईक. मारोतराव उंच होते, हात लांबसडक, कानावर कायम एक पेन्सिल. घरची शेती सेलूकडे. कास्तकाराच्या पोरानं लोकांच्या पायाशी बसावं हे त्यांच्या वडिलांना काही पटलं नाही. ते शेवटपर्यंत दुकानाची पायरी चढले नाहीत म्हणे. मारोतराव हे सांगत तेव्हा त्यात तक्रार नसे. "बुढा आपल्या जागी बरोबर होता, मी माह्या जागी," एवढंच म्हणत.

दुपारी चारच्या आधी ते माप घेत नसत. सकाळी कोणी जोडा मागायला आलं तर सरळ परत पाठवत.

"सकाळचा पाय खोटा असते. दिवसभर चालून येजा, मंग मोजू."

मी म्हणायचे, "अहो, तो काय संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी थांबणार आहे? समोरच्या दुकानातून घेईल."

"घेऊ द्या ताई. पंधरा दिवसांनं चावला का येते इथीच."

बरेचसे यायचेही. न येणाऱ्यांची त्यांनी कधी चौकशी केली नाही. दुकानदार म्हणून हा माणूस अगदी कुचकामी होता असं माझं पहिली दोन वर्षं मत होतं. नंतर ते थोडं बदललं, फार नाही.

त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर एकेकाळी सात तक्ते चिकटवलेले होते. प्रत्येक तक्ता वेगळ्या कंपनीचा, आणि प्रत्येकात तेच चार रकाने: भारताचा म्हणजे इंग्लंडचा नंबर, युरोपचा नंबर, अमेरिकेचा नंबर, आणि शेवटी बारीक अक्षरात सेंटीमीटर. सातांपैकी कोणतेही दोन तक्ते एकमेकांशी जुळत नसत. एकात आठ म्हणजे बेचाळीस, दुसऱ्यात साडेएक्केचाळीस, तिसऱ्यात त्रेचाळीसच्या जवळपास. मी एकदा विचारलं, यातली कोणती कंपनी खरं बोलते?

"सगळ्याच. हर कंपनी आपलं खरं बोलते. आपल्याले पायाचं खरं पाह्यजे."

मग एका उन्हाळ्यात, रस्त्यावर काळं कुत्रं नसताना, त्यांनी सातही तक्ते उतरवले आणि स्वतःचा आठवा आखला. त्यात सेंटीमीटरचा रकाना सगळ्यात आधी आणि ठळक, बाकीचे नंबर मागून. त्याच्या शंभर प्रती माझ्याकडून काढून घेतल्या आणि फुकट वाटल्या. होस्टेलच्या पोरींनी तो कपाटाच्या दारांना आतून चिकटवला होता, कारण जोडे त्या मोबाईलवरूनच मागवत. फुकट तक्ता वाटून आपणच आपलं गिऱ्हाईक मोबाईलला देतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

एकदा दिल्लीकडची एक मुलगी रडकुंडीला येऊन उभी राहिली. अमेरिकेचा सात नंबर मागवला, आला तो होडीएवढा. मारोतराव त्यांच्या हिंदीत म्हणाले, "बेटी, अमेरिका में बाई का नंबर अलग, आदमी का अलग. बाई का डेढ़ नंबर आगे चलता है. तूने आदमी का सात मंगाया." मग म्हणाले, कागदावर उभी राहा. पाय मोजला, चिठ्ठीवर सेंटीमीटर लिहून दिले आणि सांगितलं की यापुढं कोणी नंबर विचारला तर नंबर सांगायचा नाही, हे सांगायचं. ती गेल्यावर मला म्हणाले, "जपानवाले शहाणे. सरळ सेंटीमीटरच छापतेत. बाकीच्याईले आपली शान सोडवत नाई."

ही त्यांची आवडती जागा होती. नंबर आला कुठून हे सांगताना त्यांना वेळेचं भान राहत नसे. गल्ल्यात एका छोट्या डबीत पूजेला लागतो तो जव ठेवलेला असे. पट्टीवर एका इंचात तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवायचे आणि म्हणायचे, "हे पाहा. इंग्रजाचा एक नंबर म्हंजे एक दाणा. तीन नंबर, एक इंच. अन् युरोपवाल्याईचा हिशेब निराळा, त्याईचे तीन नंबर म्हंजे दोन सेंटीमीटर. आता सांगा, दाणा अन् सेंटीमीटर एका जाग्यावर येईन कसा? थोडा मांगं, थोडा पुढं राहनारच. म्हणून जोडा चावते." ज्यांना फक्त स्लीपर हवी असे ते लोकही हे ऐकून घेत. मी ते इतक्या वेळा ऐकलं की भिंतीपलीकडून डबीचं झाकण वाजलं की माझ्या तोंडून आपोआप "तीन दाणे" निघायचं.

नंबर कागदावरचा. पण त्यांचं खरं कसब पाय कागदावर घेण्यात होतं. चित्रकलेची वही ते माझ्याकडूनच घेत. गिऱ्हाइकाला वहीच्या पानावर उभं करायचं, आपण खाली पाटावर बसायचं, एका हातानं टाच धरायची आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायची. दोन्ही पाय. बसून नाही, उभं राहूनच, म्हणजे अंगाचा भार पायावर येतो आणि पाय पसरतो. मग पट्टीनं मोजून सेंटीमीटर, नाव, गाव आणि एक शेरा. "डावा मोठा." "अंगठा वाकडा." "टाचेले भेगा, मोजे सांगितले." आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा, "लाजाळू."

हा शेरा मला बरेच दिवस कळला नव्हता. मग एकदा त्यांनीच दाखवलं. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसानं पायाला हात लावला की माणूस दचकतो. पाय मागे घेता येत नाही, कारण खाली कागद असतो. मग बोटं आवळली जातात. पायाला लाज वाटते म्हणा ना. पोरं तर माप होताच वाकून त्यांच्या पायाला हात लावून कपाळाला लावत, झालेलं पाप फेडल्यासारखं. पण तोवर बोटं आवळलेली, आणि माप अर्धा सेंटीमीटर कमी आलेलं असायचं.

"परदेशात असं होत नसन," ते म्हणाले. "तिथं पायाले हात लावला तं लोक थँक्यू म्हणतेत. आपल्या इथी पाय चोरतेत. त्याईच्या तक्त्यात याचा रकाना नाई."

यावर त्यांचा उपाय असा होता की पेन्सिल फिरवताना माणसाला त्याच्या आवडीचं काहीतरी विचारायचं. पोरांना मेसच्या जेवणाबद्दल, बायांना माहेराबद्दल. माणूस सांगण्यात रमला की बोटं सुटतात. "बोटं सैल सोडा, माप चुकते," असं नुसतं सांगून कधी सुटत नाहीत. कास्तकारांना मात्र कपाशीचं काही विचारत नसत. "कपाशीचं नाव काढलं का आणखीन आवळतेत," म्हणायचे. त्यांना बैलांबद्दल विचारायचे.

शुगरचे पेशंट आले की मारोतरावांचा सूर बदलायचा. दवाखान्याजवळचं दुकान, त्यामुळे असे बरेच यायचे. कोणी म्हणायचं, मले काहीच टोचत नाई, हाच जोडा द्या. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "ज्या पायाले समजत नाई, त्याले कागदानं सांगा लागते." आणि काही केलं तरी माप घेतल्याशिवाय जोडा देत नसत. त्यांना स्वतःलाही शुगर होती, गोळ्यांचं पाकीट शर्टाच्या खिशात असायचं. ही दोन वाक्यं मी इथे शेजारीशेजारी लिहिली आहेत. तेव्हा ती माझ्या डोक्यात कधी जवळ आली नाहीत.

सिंदी मेघ्याचे कोल्हे गुरुजी हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त मुख्याध्यापक, ताठ. ते कधी मोजू देत नसत. "माझा नंबर मला माहीत आहे. नोकरी लागली तेव्हापासून सात." मारोतरावांनी पुष्कळ समजावलं की वयानं पाय पसरतो, तेव्हाचा सात आता राहत नाही. गुरुजी म्हणाले, "मारोतराव, मी चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे." गुरुजी लंगडत होते. शेवटी मारोतराव आत गेले, नऊ नंबरचा जोडा काढला, त्याच्या जिभेखालचा नऊचा कागद नखानं खरवडला आणि दुसऱ्या जोड्याचा सातचा कागद तिथं चिकटवला. गुरुजींनी घातला, चार पावलं चालले, आणि म्हणाले, "बघा. सात तो सातच."

ते गेल्यावर मी हसत होते. मारोतराव हसले नाहीत. "मास्तरले नंबर पाह्यजे, पायाले जोडा. दोघाईलेही भेटला." मग म्हणाले, "माणसाले पाय म्हातारा झाला हे आयकाले नको असते ताई."

आता प्रणालीबद्दल. प्रणाली त्यांची भाची. तिचे वडील लवकर गेले, तेव्हापासून बहीण आणि भाची मारोतरावांकडेच, बोरगावच्या घरी. मारोतरावांची बायको वारलेली, मूलबाळ नाही; जे काही होतं ते ही पोर. तिनं नर्सिंग केलं, मग जर्मन भाषेचा क्लास लावला आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. क्लासच्या वह्या माझ्याच दुकानातून जात. मारोतराव रोज विचारायचे, "आज काय शिकली?" ती आकडे म्हणून दाखवायची, आणि ते जर्मन आकड्यांत बेचाळीस कसं म्हणतात ते पाठ करायचे. आधी दोन आणि मग चाळीस म्हणतात हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. "आपल्यासारखंच! बे-चाळीस!" दोन दिवस ते प्रत्येकाला सांगत होते.

आमच्या भागात भाचीचं नातं कसं असतं हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीनं मामाच्या पाया पडायचं नाही. पडली तर मामाला पाप. भाची चार वर्षांची असली तरी मामा वाकतो, आणि भाची मोठी होऊन डॉक्टर झाली तरी ती मामाच्या पायाला बोट लावत नाही. मारोतराव बाकी फार देवधर्म करणारे नव्हते, पण हे पाळायचे.

जायच्या आदल्या दिवशी प्रणाली दुकानात आली. माझ्याकडून कागदपत्रांच्या प्रती घेतल्या आणि मग मामासमोर वही उघडून पाटावर बसली. हातात पेन्सिल. "मामा, उभे राहा. तिकडून पयला पगार झाला का तुमाले जोडा धाडतो."

मारोतरावांनी दोन्ही पाय स्टुलाखाली घेतले.

"पागल झाली का तू? भाचीनं पायाले हात लावाचा नाई."

"मंग जोडा कसा धाडू?"

"आठ. लिहून घे. आठ."

"मोजून घेतल्याबिगर देऊ नये म्हणता ना तुमी?"

"दुसऱ्याले म्हणतो. माहा नंबर मले माहीत हाय. तीस वर्षं झाली, आठ."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. तिनं वही मिटली, भिंतीवरच्या तक्त्याची एक प्रत घेतली, आठच्या ओळीवर खूण केली आणि पिशवीत ठेवली. निघताना मारोतराव दुकानाच्या पायरीवर वाकले आणि तिच्या पावलांना हात लावून कपाळाला लावला. समोरून डॉक्टर पोरांचा घोळका चालला होता. प्रणाली ताठ उभी होती, रडत होती, आणि तिनं पाय जराही हलवला नाही.

जर्मनीतून जोडा आला तो सहा महिन्यांनी. तपकिरी, मऊ कातडं, आत लिहिलेलं बेचाळीस. तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर. आठचं बेचाळीसच होतं. रूपांतरात काडीची चूक नव्हती, आणि चूक असती तर मारोतरावांनी ती पहिल्या मिनिटात पकडली असती. ज्या आठचं रूपांतर झालं होतं तो आठच जुना होता.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरा जोडा घातला नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, जिथे माणसं चपलेनंही वैतागतात, हा गृहस्थ सकाळपासून बंद जोड्यात. मी म्हटलं, "अहो, जरा मोकळे ठेवा पाय."

"काऊन? काईच टोचत नाई. लोण्यासारखा हाय."

टोचत नव्हतं हे खरं होतं. शुगरनं पाय बधिर झाला होता, त्यांना टोचलेलं कळतच नव्हतं.

जुलैमध्ये एक दिवस ते माझ्याकडे वही घ्यायला आले. ते गेल्यावर फरशीवर एक ओला डाग दिसला. पावसाचं पाणी म्हणून मी पुसायला गेले, तर ते पाणी नव्हतं. मी त्यांच्या दुकानात गेले आणि जोडा काढा म्हटलं. ते टाळत होते. मी आवाज चढवला तेव्हा काढला. उजव्या पायाची करंगळी काळी पडली होती आणि मोजा तिला चिकटला होता. त्यांनी स्वतः खाली वाकून बघितलं, पेन्सिल कानावरून काढून हातात घेतली, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचा पाय बघावा तशा आवाजात म्हणाले, "हे तं वाईट झालं."

मला त्यांचा राग आला होता. दवाखाना पन्नास पावलांवर, दुकान पायांचं, आणि हा माणूस. रस्ता ओलांडून मीच त्यांना घेऊन गेले. करंगळी काढावी लागली. पुढं जखम भरते की वर सरकते यावर पाय राहणार की जाणार ते ठरणार होतं. डॉक्टर बाईंनी दोन अटी घातल्या: शुगर आवाक्यात, आणि मापाचा जोडा. मापाचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मारोतराव मान डोलवत होते, हा विषय आपल्याला नवीनच असल्यासारखी.

आणि मला ताकीद, "प्रणालीले सांगाचं नाई. पोट्टी तिथी एकटी हाय. तिनं धाडलेल्या जोड्यानं झालं असं तिले कळाले नको."

तिच्या आईलाही तीच ताकीद. आम्ही दोघींनी ती पाळली. ते बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जखम भरायला फार वेळ लागत होता. दुकानात ते मऊ पट्टीवर उघडी चप्पल घालून बसत; नवा मापाचा जोडा काही करून घेत नव्हते. मी विचारलं की म्हणायचे, "घेतो. जखम भरू द्या." खरं कारण मला डिसेंबरात कळलं. प्रणाली सुट्टीवर येणार होती, आणि तिच्यासमोर त्यांना तोच तपकिरी जोडा घालून उभं राहायचं होतं.

ती नागपूरहून गाडीनं आली ती सरळ दुकानात, चार वाजून गेले होते. मारोतराव दारात उभे, पांढरा शर्ट, पायात तपकिरी जोडा, पट्टीसकट कोंबलेला. तिच्याकडे तीन पावलं चालले. तीनच. मी भिंतीशी उभी होते. तिची नजर त्यांच्या तोंडावरून पायांकडे गेली आणि तिथंच थांबली. नर्स होती ती. माणसं कशी चालतात हे बघायचा तिला पगार मिळत होता.

"मामा, बसा."

"अगं पयले चहा तं घे…"

"बसा म्हटलं ना."

ते बसले. तिनं लेस सोडली. मारोतरावांनी पाय मागे ओढला.

"प्रणाली, हात नको लावू. पाप लागते."

"कोणाले?"

"मले."

"तिथी रोज म्हाताऱ्याईचे पाय धुतो मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "परक्याईचे. त्याईची भाषाही अर्धी समजत नाई मले. अन् ज्यानं मले वाढवलं त्याचा पाय सडला तरी हात नाई लावाचा? असं पाप हाय हे?"

तिनं जोडा काढला, मोजा काढला, पट्टी सोडली. जखम बघितली, जोडा उलटा धरून आतला नंबर बघितला. मग तिनं डोळे मिटून घेतले. क्षणभर मला वाटलं, आता ही रडणार. पण ती उठली, फळीवरून चित्रकलेची वही काढली आणि जमिनीवर कोरं पान उघडून ठेवलं.

"उभे राहा."

"आठ…"

"ज्या पायाले समजत नाई, त्याले कागदानं सांगा लागते. कोणाचं वाक्य हाय?"

मारोतरावांनी त्या कोऱ्या पानाकडे बघितलं. मग उठले. कागदावर जाण्याआधी ते वाकले, अवघडत, एका हातानं स्टुलाचा आधार घेऊन, आणि प्रणालीच्या दोन्ही पावलांना हात लावून तो कपाळाला लावला. ती तशीच उभी राहिली. आधी आपलं देणं देऊन टाकलं, मग आपण पाप घेतलं, असा काहीतरी हिशेब त्यांनी मनाशी केला असावा. नंतर ते कागदावर उभे राहिले आणि प्रणाली खाली पाटावर बसली.

तिनं टाच धरली. बोटं आवळली गेली, चारही.

"बोटं सैल सोडा मामा, माप चुकते."

सुटली नाहीत. डावा पाय धरला, त्याचीही आवळली. मारोतराव छताकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायलाही हात हलवत नव्हते. हा माणूस हजार पाय मोजून हजार लोकांची लाज ओळखून होता, पण स्वतःच्या पायाच्या लाजेवर त्याच्याकडे उपाय नव्हता. प्रणालीनं वर त्यांच्याकडे बघितलं. मग पेन्सिल उभी धरून साध्या आवाजात म्हणाली,

"मामा, इंग्रजाचा एक नंबर म्हंजे किती दाणे?"

"एक," मारोतराव म्हणाले. "एक दाणा. तीन दाण्याचा इंच."

"अन् युरोपचा?"

"त्याईचा निराळा हिशेब हाय. तीन नंबराचे दोन सेंटीमीटर. म्हणून तं जुळत नाई ना. आता पाह्य, दाणा अन् सेंटीमीटर एका जाग्यावर येईन कसा? थोडा मांगं, थोडा पुढं…"

ते सांगत राहिले. डबी गल्ल्यात होती, तरी हातानं हवेत दाणे मांडून दाखवत होते. खाली बोटं हळूहळू सुटली आणि पेन्सिल टाचेपासून निघून अंगठ्यावरून पलीकडे गेली, जिथे करंगळी असायची तिथे वळली आणि परत टाचेशी आली. मग डावा पाय. प्रणालीनं पट्टी लावली. उजवा अठ्ठावीस पॉइंट दोन. नंबर नऊच्याही पुढं, युरोपचा चव्वेचाळीस. मारोतरावांनी वाकून आकडा बघितला, तक्त्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोल्हे गुरुजी आन् मी सारखेच निंघालो."

रुंद पंजाचा, आत शिवण नसलेला जोडा तिनं मापावरून करवून घेतला आणि त्यांच्या पायात घालूनच ती परत गेली. जखम मार्चमध्ये भरली. पाय राहिला. दुकान मात्र त्यांनी पुढच्या वर्षी आवरलं. पाटावर बसणं-उठणं आता होत नव्हतं. शेवटच्या दिवशी सगळ्या वह्या एका खोक्यात घालून माझ्याकडे आणून ठेवल्या. "तुमच्याच दुकानच्या हायेत, तुमीच ठेवा. कोणाले माप लागलं तं काढून देजा." मग रस्ता ओलांडून ऑटोकडे गेले. लंगडत नव्हते. मी मुद्दाम बघितलं.

ऑटो गेल्यावर मी खोक्यातली वरची वही उघडली. झाडे मारोतराव, बोरगाव मेघे. पाच बोटांचा डावा पाय, चार बोटांचा उजवा. सेंटीमीटर प्रणालीच्या अक्षरात होते. शेऱ्याची जागा तिनं त्या दिवशी कोरी सोडली होती. ती नंतर कधीतरी मारोतरावांनी स्वतःच्या हातानं भरली होती.

"लाजाळू."